यंत्राच्या आधी माणसे: टे-सॅक्सच्या रक्ततपासणीचा इतिहास

१/
पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या महाविद्यालयात सिकलसेल तपासणीचे शिबिर भरले होते. रांगेत उभे राहून आम्ही सर्वांनी बोटातून रक्त दिले. काही दिवसांनी निकाल आले आणि कोणीतरी त्यांची यादी थेट सूचनाफलकावर लावली, परीक्षेचा निकाल लावतात तशी. माझ्या एका मैत्रिणीच्या नावापुढे ‘वाहक’ असा शब्द होता.

२/
ती आजारी नव्हती. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे त्या फलकासमोर जमलेल्यांपैकी कोणालाच नीट ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत तिला आलेले एक स्थळ परत गेले आणि त्याचे कारण सगळ्या गावाला कळले. तपासणी अचूक होती, निकाल खरा होता. मग चूक नेमकी कोठे झाली? हा प्रश्न तेव्हापासून मनात घर करून आहे.

३/
इतिहासाच्या विद्यार्थिनीला उत्तरे बहुधा दुसऱ्याच काळात आणि दुसऱ्याच देशात सापडतात. आजचा धागा आहे १९७०च्या दशकातील अमेरिका आणि कॅनडा यांविषयी, टे-सॅक्स नावाच्या एका दुर्मीळ रोगाविषयी आणि तो रोखण्यासाठी हजारो लोकांच्या रक्तातील एक विकर, म्हणजेच एन्झाइम, मोजणाऱ्या स्वयंचलित तपासणीविषयी. शेवटी माझे एक मत मांडणार आहे. पटले नाही तर अवश्य वाद घाला. पण आधी घटनाक्रम पाहू.

४/
१८८१ साली लंडनमधील नेत्रतज्ज्ञ वॉरन टे यांना एका बालकाच्या डोळ्याच्या पडद्यावर चेरीसारखा लाल ठिपका दिसला. १८८७ मध्ये न्यूयॉर्कचे मेंदूरोगतज्ज्ञ बर्नार्ड सॅक्स यांनी अशाच बालकाच्या मेंदूतील बदल नोंदवले. मूल जन्मतः निरोगी दिसते. काही महिन्यांनी ते लहानशा आवाजानेही दचकू लागते. मग शिकलेले उलटणे-बसणे विसरते, दृष्टी जाते, गिळणे थांबते. बहुतेक बालके पाचव्या वर्षापलीकडे जगत नाहीत. रोग पूर्ण बरा करणारा उपचार आजही नाही.

५/
कारण कळायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली. मज्जापेशींत एक स्निग्ध पदार्थ सतत तयार होतो आणि सतत मोडला जातो. तो मोडण्याचे काम हेक्सोसॅमिनिडेज ए हे विकर करते. ते नसेल तर पदार्थ साचत जातो, पेशी फुगतात आणि निकामी होतात. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात शिंतारो ओकाडा आणि जॉन ओब्रायन यांनी दाखवून दिले, की टे-सॅक्सच्या रुग्णांत नेमके हेच विकर आढळत नाही.

६/
आता वारशाचे गणित. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आला तरच मूल आजारी पडते. एकाकडूनच आला तर ते मूल वाहक होते. वाहकाच्या रक्तात विकर साधारण निम्मे असते. पण निम्म्यावर शरीराचे काम उत्तम चालते. म्हणून वाहकाला आपण वाहक असल्याचा पत्ता आयुष्यभर लागत नाही. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भधारणेत चारात एक एवढी शक्यता आजारी मुलाची असते.

७/
पूर्व व मध्य युरोपात वाढलेल्या अश्केनाझी ज्यू समाजात सुमारे ३० पैकी एक व्यक्ती वाहक आढळते. इतरत्र हे प्रमाण सुमारे ३०० पैकी एक इतके आहे. ‘ज्यूंचा रोग’ ही उपाधी मात्र चुकीची. पूर्व क्युबेकमधील फ्रेंच कॅनडियन आणि लुइझियानातील केजन यांच्यातही तो अधिक आहे. लहान लोकसंख्या आणि पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच होणारे विवाह हा यांतील समान दुवा. पोटजातींत लग्ने लावणाऱ्या आपल्या समाजाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

८/
निम्मे विकर रक्तात मोजता आले, तर वाहक आधीच ओळखता येईल. अडचण अशी, की या विकराचे दोन प्रकार आहेत, ए आणि बी. दोघेही प्रयोगशाळेत एकाच पदार्थावर सारखेच काम करतात; मग वेगळे मोजायचे कसे? १९७० मध्ये ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी सीरमसाठी वापरलेली युक्ती साधी होती. ‘ए’ला उष्णता सोसत नाही, ‘बी’ला सोसते.

९/
म्हणून रक्तातील सीरमचे दोन भाग करायचे. एक तसाच मोजायचा, दुसरा सुमारे ५० अंश सेल्सिअसवर ठेवून मग मोजायचा. पहिल्या मापात ए आणि बी दोन्ही येतात, दुसऱ्यात केवळ बी उरते. वजाबाकी म्हणजे ए. मोजण्यासाठी असा पदार्थ वापरतात, की विकराने तो तोडताच त्यातून अतिनील प्रकाशात निळसर चमकणारा रेणू सुटतो. चमक जितकी अधिक, विकर तितके अधिक.

१०/
एका कुटुंबासाठी हे जमते. हजारांसाठी? प्रत्येक माणसामागे दोन मापे, नेमका वेळ, नेमके तापमान, नेमके थेंब. तापमान थोडे ढळले किंवा हात थोडा चुकला, तर निरोगी माणूस वाहक ठरायचा आणि वाहक निरोगी. एकसुरी कामात थकलेला हात चुकतोच. त्यामुळे या तपासणीला यंत्राची गरज वेगासाठी होती, त्याहून अधिक ती सातत्यासाठी होती.

११/
प्रयोगशाळेतील यंत्रयुग त्याआधीच सुरू झाले होते. क्लीव्हलँडचे जीवरसायनतज्ज्ञ लेनर्ड स्केग्ज यांच्या कल्पनेतून घडलेला ‘ऑटोॲनालायझर’ टेक्निकॉन कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणला. नमुने एकामागून एक एकाच बारीक नळीतून वाहत. दोन नमुन्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून मध्ये हवेचे बुडबुडे सोडलेले असत. वाटेतच रसायन मिसळे, वाटेतच तापवले जाई आणि शेवटी प्रकाशमापक आपला आलेख कागदावर काढीत जाई. नळीतील बुडबुड्याने परीक्षानळ्यांच्या रांगा मोडीत काढल्या.

१२/
१९७३ मध्ये टोरंटोचे अलेक्झांडर लोडेन आणि अमेरिकेतील मायकेल कॅबॅक यांनी सहकाऱ्यांसह सीरममधील हेक्सोसॅमिनिडेज मोजण्याची स्वयंचलित पद्धत प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी अब्राहम सैफर यांच्या गटाने उष्णतेऐवजी आम्लतेचा वापर करून ‘ए’ला निष्क्रिय करणारी दुसरी स्वयंचलित पद्धत मांडली. मर्यादा होत्याच. गर्भवती स्त्रिया आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया यांच्या सीरमचे माप फसवे निघे. त्यांच्यासाठी पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून तपासाव्या लागत. तरीही मोठ्या संख्येचा मार्ग मोकळा झाला.

१३/
विज्ञानाच्या लोकप्रिय इतिहासात गोष्ट साधारण इथेच संपते: रोग होता, विकर सापडले, यंत्र आले, रोग हटला. माझा आक्षेप याच क्रमाला आहे. सनावळी ही पाठ करण्याची कंटाळवाणी गोष्ट आहे, असे आपल्याला शाळेत वाटते; पण कधी कधी एक सन सगळी गोष्ट उलटी करतो. स्वयंचलित पद्धत प्रसिद्ध झाली १९७३ मध्ये. पहिली सामूहिक तपासणी झाली होती मे १९७१ मध्ये.

१४/
कॅबॅक तेव्हा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करणारे तरुण बालरोगतज्ज्ञ होते. तपासणीचे तंत्र हाती असूनही त्यांनी लगेच सुई उचलली नाही. पहिल्या शिबिरापूर्वी वर्षभराहून अधिक काळ ते आणि त्यांचे सहकारी रब्बींना भेटत होते, स्थानिक डॉक्टरांशी बोलत होते, समाजातील संस्थांच्या सभांना जात होते. हा रोग काय, वाहक म्हणजे काय, वाहक असणे म्हणजे आजार का नव्हे, जोडप्यातील दोघेही वाहक निघाले तर पुढे कोणते पर्याय आहेत, हे पुन्हापुन्हा सांगत होते.

१५/
मग तो रविवार उजाडला. मेरीलँड राज्यातील बेथेस्डा येथील सिनेगॉगमध्ये एका दिवसात सुमारे १८०० लोकांनी रक्त दिले. कोणावर सक्ती नव्हती, कोणताही कायदा पाठीशी नव्हता. कार्यक्रमाचे चार खांब होते: आधी शिक्षण, मग स्वेच्छा, निकालाची गुप्तता आणि वाहकांसाठी समुपदेशन. रक्त काढणे हा या साखळीतील सर्वांत छोटा टप्पा होता.

१६/
आता माझे मत. यंत्रामुळे माणसे तपासणीला आली, हे खरे नाही. माणसे आपण होऊन आली, म्हणून यंत्राची गरज निर्माण झाली. विश्वासाने आधी रांग उभी केली; प्रयोगशाळेला त्या रांगेचा वेग नंतर गाठावा लागला. स्वयंचलनाने त्या विश्वासाला बळ दिले, अचूकता दिली, खर्च आटोक्यात आणला. तो विश्वास निर्माण करणे मात्र त्याच्या आवाक्यातले काम नव्हते.

१७/
पुढची आकडेवारी डोळे दिपवणारी आहे. १९९८च्या मध्यापर्यंत जगभरात १४ लाखांहून अधिक लोकांनी स्वेच्छेने ही तपासणी करून घेतली होती. दोघेही वाहक असलेली १४०० हून अधिक जोडपी वेळीच लक्षात आली. अमेरिका आणि कॅनडातील ज्यू समाजात या रोगाचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटले. मॉन्ट्रियलमध्ये चार्ल्स स्क्रिव्हर आणि कॅरोल क्लो यांनी हा कार्यक्रम माध्यमिक शाळांपर्यंत नेला आणि विद्यार्थ्यांना त्याविषयी काय कळते, काय वाटते, याचाही अभ्यास केला.

१८/
याच काळात, याच देशात, दुसरी तपासणी चालू होती: सिकलसेलची. सिकलसेल हा विकराच्या अभावाचा रोग नव्हे, तो हिमोग्लोबिनमधील दोष आहे. पण वारशाचे गणित तेच. १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील अनेक राज्यांनी घाईने कायदे केले. कोठे शाळाप्रवेशासाठी, कोठे विवाहाच्या परवान्यासाठी तपासणी आवश्यक ठरली. कायद्याचा रोख कृष्णवर्णीयांवर होता. झटपट होणारी स्वस्त तपासणी उपलब्ध होती. ती एकटी वाहक आणि रुग्ण यांत भेद करू शकत नव्हती. समुपदेशनाची तरतूद बहुतेक ठिकाणी नव्हती.

१९/
परिणाम काय झाला? निरोगी वाहकांना विमा आणि नोकरी यांत अडवले गेले. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे वाहकांसाठी १९८१ पर्यंत बंद होते. १९७२ मध्ये केंद्रीय कायदा झाला, त्यात तपासणी ऐच्छिक असावी, असे तत्त्व आले. तोवर पुष्कळ नुकसान होऊन गेले होते. एका समाजाला तपासणीने माहिती दिली, दुसऱ्याच्या कपाळी शिक्का मारला. दोन्हीकडे रक्त सारखेच लाल होते.

२०/
इथे एक रास्त आक्षेप येईल: ही तुलना न्याय्य आहे का? पूर्णतः नाही. अमेरिकेतील ज्यू समाज तुलनेने सुशिक्षित, संघटित आणि वैद्यकीय व्यवस्थेत वावर असलेला होता. उलट १९७२ मध्येच टस्कीगीचा प्रकार उघडकीस आला. उपदंश झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना ४० वर्षे उपचारांविना केवळ निरीक्षणाखाली ठेवले गेले होते. शिवाय टे-सॅक्सचे निदान गर्भजल तपासून करता येत होते, सिकलसेलचे तेव्हा नाही. आक्षेप मला मान्य आहे. पण जिथे अविश्वासाला एवढे सबळ कारण होते, तिथे तर समजावण्याला दुप्पट वेळ द्यायला हवा होता. दिला गेला कायदा.

२१/
दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ९० टक्के घट या आकड्यामागे काही कुटुंबांनी थांबवलेल्या गर्भधारणाही आहेत. तो विषय झाकून हा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याचबरोबर हेही खरे, की एक मूल गमावल्यावर पुन्हा धाडस न करणाऱ्या जोडप्यांना या तपासणीमुळे निरोगी मुले झाली. ‘शुद्ध वंशा’च्या नावाखाली झालेला संहार या समाजाने केवळ पाव शतकापूर्वी भोगला होता. त्यामुळे निर्णय जोडप्याचाच, ही अट तेथे केवळ शिष्टाचार नव्हती. ती कार्यक्रमाच्या अस्तित्वाची अट होती.

२२/
गर्भपात मान्य नसलेल्या कर्मठ ज्यू समाजाने स्वतःचा मार्ग शोधला. टे-सॅक्सने स्वतःची चार अपत्ये गमावलेले रब्बी जोसेफ एक्स्टाइन यांनी १९८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘दोर येशोरिम’ ही संस्था सुरू केली. तरुणांचे रक्त नावाऐवजी क्रमांकावर नोंदले जाते. लग्न जुळवताना दोन क्रमांक कळवायचे. जोडी योग्य की नाही, एवढेच उत्तर मिळते. दोघेही वाहक असतील तरच ते उघड होते. एरवी आपण वाहक आहोत, हे स्वतःलाही सांगितले जात नाही.

२३/
आपल्याच शरीराची माहिती आपल्यापासून लपवणे मला व्यक्तिशः पटत नाही. तरीही या पद्धतीने एक प्रश्न फार आधी ओळखला होता: निकालाचा कागद समाजात फिरू लागला तर त्याचे काय होते? सूचनाफलकावर यादी लावणाऱ्याच्या मनात हा प्रश्न आलाच नव्हता. त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मी आजही मानते. तो फक्त शिबिर ‘पूर्ण’ करत होता.

२४/
आता आपल्याकडे येऊ. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. महाराष्ट्रात गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत हा रोग ठाण मांडून आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय मोहीम सुरू केली. आदिवासीबहुल भागांतील शून्य ते ४० वर्षे वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. इतक्या मोठ्या संख्येला यंत्रे हवीतच. मी यंत्राच्या विरोधात मुळीच नाही. वेळीच निदान झालेल्या बालकाचा जीव वाचतो, ही लहान गोष्ट नव्हे.

२५/
माझे म्हणणे इतकेच: मोहिमेचे यश किती नमुने तपासले यावरच मोजू नका. निकाल बंद पाकिटात आणि एकांतात दिला गेला का? तो गोंडीत, भिलीत, त्या माणसाच्या बोलीत समजावणारे कोणी होते का? वाहक आणि रुग्ण यांतील फरक घरच्यांनाही कळला का? आणि कार्ड फक्त मुलीचे मागितले गेले, की मुलाचेही? सदोष जनुक दोन्ही बाजूंनी आला तरच मूल आजारी होते. स्थळ मात्र मुलीचेच परत जाते. हा दोष कोणतेही यंत्र पकडू शकत नाही.

२६/
बेथेस्डातील त्या रविवारामागे वर्षभराची पायपीट होती. इतिहासाच्या पुस्तकांत अशा पायपिटीला क्वचितच जागा मिळते. तिचे छायाचित्र नसते, तिला पेटंट मिळत नाही, तिच्या नावाचा पुरस्कार नसतो. म्हणून आपण यंत्राची गोष्ट सांगतो आणि पायपीट विसरतो. मग पुढचे शिबिर भरवताना नेमकी तीच वगळतो. इतिहास नीट सांगण्याचा व्यावहारिक उपयोग काय, असे मला नेहमी विचारले जाते. माझ्यापुरते हे एक उत्तर आहे.

२७/
हा धागा प्रसिद्ध करण्यापूर्वी मी त्या मैत्रिणीला वाचायला दिला होता. लिहू का, असे विचारले. तिने दोन दिवस घेतले. मग म्हणाली, “लिही. पण माझं नाव नको, गावाचं नको, कॉलेजचंही नको. एकदा फलकावर लागलं, तेवढं पुरे.”

इतक्या वर्षांत, या बाबतीत, तिला कोणी विचारण्याची ही पहिलीच वेळ होती.